हवालदारांच्या साठ नळ्या

हवालदार कुणाच्या कामाला कधी वाईट म्हणाले नाहीत. ते ती वस्तू उचलत, नाकाजवळ नेत, वास घेत आणि जागेवर परत ठेवत. फ्रीजमधली चार दिवसांची भाजी आपण हुंगून बाजूला सारतो, तसं. शाफ्ट असो, बुश असो, नवा करकरीत बोल्ट असो. ज्याने तो केलेला असायचा तो माणूस समोर उभा असताना हा प्रकार चालायचा. पोलादाला वास नसतो हे सगळ्यांना ठाऊक होतं. तरी हवालदार पुढे गेले की प्रत्येकाने एकदा तरी ती वस्तू चोरून हुंगून पाहिलेली आहे. मीसुद्धा.

माझ्या बाबतीत त्यांनी कागद हुंगला. कुपवाडच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी तपासणी विभागात होते. विभाग म्हणजे मी, एक काचेची खोली, एक ग्रॅनाइटचं टेबल आणि कपाटभर मापं. सांगलीतच डिप्लोमा झालेला, अकरा वर्षांची नोकरी, आणि माझ्या सहीशिवाय माल गेटबाहेर जात नाही याचा मनात चांगलाच ताठा. हवालदार रुजू झाले त्या आठवड्यात मी त्यांना वीस नगांचा तपासणी अहवाल नेऊन दिला. त्यांनी कागद नाकाशी धरला आणि परत दिला. मी म्हणाले, मापं बरोबर आहेत.

"बरुबर हायत," ते म्हणाले. "पर ह्यातली बारा तुमी खुर्चीत बसून लिवल्यात."

खरं होतं. आठ नग मोजले होते, उरलेले बारा अंदाजाने भरले होते. सगळीकडे असंच भरतात. पण ते या माणसाला कसं कळलं हे मला कळलं नाही, आणि पुढचे तीन-चार महिने मी त्यांचा मनापासून दुस्वास केला. धोतरातून पँटमध्ये आलेला खेडवळ माणूस, बारावीसुद्धा झालेला नसणार, आणि मला शिकवतोय, असं मी घरी नवऱ्याला सांगत असे.

ते कोरेगावच्या पुढच्या एका गावचे. फौजेत चोवीस वर्षं हत्यारांच्या दुरुस्तीवर होते. आमच्याकडे फौजेतून परत आलेल्या कुणालाही मेजर म्हणायची पद्धत आहे. सुरक्षारक्षकही मेजर आणि एसटीत शेजारी बसलेला म्हाताराही मेजर. यांना कुणी मेजर म्हटलं की ते चालता चालता थांबत आणि "हवालदार" एवढंच म्हणून पुढे जात. एकदा कँटीनवाल्याने लाडाने विचारलं, की मेजर म्हटलं तर बिघडलं कुठं. ते म्हणाले, "मी तुला कलेक्टर म्हनू का?" त्यानंतर त्यांचं नाव हवालदार पडलं ते पडलंच. हजेरीपटावर दुसरं काहीतरी होतं, ते मलाही चटकन आठवत नाही.

असा माणूस आमच्या कारखान्यात आला तो मालकांच्या हौसेमुळे. मालक वाईट नव्हते. वाईट व्हायलाही थोडा दम लागतो. वडिलांच्या काळापासून आम्ही हळद पॉलिश करायच्या ड्रमचे आणि उसाच्या चरकाचे भाग बनवत होतो आणि ते काम बरं चाललं होतं. मग पुण्याच्या एका मोठ्या कंपनीकडून रायफलीच्या नळ्यांचं काम मिळालं. नेमबाजीच्या खेळासाठीच्या रायफली. परवाना त्या कंपनीचा होता, पण आमच्याकडेही कागदपत्रं, पोलिसांची चौकशी, कॅमेरे, मोजून आत आणि मोजून बाहेर, सगळं आलं. नळ्या आतून तयार होऊन यायच्या. आम्ही त्या लेथवर बाहेरून कातायच्या आणि मागच्या टोकाला आटे पाडायचे. त्या आट्यांवर नळी रायफलीत फिरवून बसवतात. काम एवढंच. पण मालकांच्या अंगात एकदम देश संचारला. ऑफिसात वाघाचं चित्र होतं ते काढून तिथे सैनिकाचं लावलं. हळदवाल्यांशी फोनवर बोलतानाही "आम्ही आता डिफेन्समध्ये आहोत" असं सांगू लागले. खेळाच्या रायफलींचा आणि डिफेन्सचा काय संबंध, हे त्यांना विचारायची आमच्यात कुणाची छाती नव्हती.

हवालदारांना ती दिखाऊगिरी मुळीच खपत नसे. पाहुणे येणार म्हणून मालकांनी एकदा त्यांना पदकं लावून, कोट घालून यायला सांगितलं. ते रोजच्या निळ्या शर्टात आले. पाहुण्यांनी कौतुकाने विचारलं, की सीमेवर कधी गोळीबार पाहिलात का. हवालदारांनी सांगितलं, की आपण चोवीस वर्षं चिंध्या आणि तेल पाहिलं. पाहुणे हसले, मालकही हसले. हवालदार हसले नाहीत. मग त्यांनी पाहुण्यांना पंधरा मिनिटं उभं करून, नळी आतून पुसताना चिंधी कोणत्या कापडाची घ्यायची आणि ती कशी घडी करायची ते समजावलं. पाहुण्यांपैकी एकजण जांभई देताना मी पाहिला.

जुन्या कारागिरांबद्दल लोक जे गोड गोड बोलतात, त्यातलं हवालदारांना काही लागू नव्हतं. हाताच्या कलेचा त्यांना तिटकारा होता. कारखान्यात संगणकावर चालणारं एक नवं मशीन होतं, त्याच्यासमोर ते देवळात उभं राहावं तसे उभे राहत. जुन्या लेथचं कौतुक केलं की चिडत. "हाताला घाम येतो. हात दमतो. हात घरच्या भांडनाचा इच्यार करतो," असं त्यांचं म्हणणं. आट्यांचं काम त्या नव्या मशीनवर घ्या म्हणून ते मालकांच्या मागे लागले होते, पण ते मशीन दुसऱ्या गिऱ्हाइकासाठी अडकलेलं असायचं. म्हणून हवालदार जुन्या लेथवर आटे पाडत, आणि इतके सुरेख पाडत, की मी गेज लावताना नकळत हळू व्हायची. त्यांना तसं एकदा सांगितलं, तर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं जसं मी त्यांच्या सदऱ्यावर काही सांडलंय.

गेज धरायला मला त्यांनीच शिकवलं. अकरा वर्षं मी चुकीचं धरत होते. आटे तपासायचं गेज म्हणजे आतून आटे असलेली एक जाड कडी. ती आपल्या नगावर फिरवायची, गेली तर काम बरोबर. मी ती मुठीत धरून फिरवायची. हवालदारांनी ती माझ्या हातातून काढून घेतली आणि दोन बोटांत, बांगडी धरावी तशी, धरून दाखवली. "आपसूक गेली तर गेली," ते म्हणाले. "जोर लावला म्हंजे तुमी मोजत न्हाई, इन्स्पेक्शनबाई. तुमी मनवताय." मला ते तेव्हापासून इन्स्पेक्शनबाई म्हणू लागले. त्याआधी काहीच म्हणत नसत.

त्या दिवसापासून आमचं बरं जमलं. बरं म्हणजे ते माझ्या टेबलावर चहा ठेवत आणि न बोलता निघून जात. दुपारी डबा खाताना मात्र कधीतरी बोलत. मला वाटायचं, या माणसाच्या कडवटपणामागे काहीतरी घडलेलं असणार. फौजेत एखादी नळी फुटली असेल, कुणा जवानाचा डोळा गेला असेल, आणि तेव्हापासून हे असे झाले असतील. एकदा धीर करून विचारलं. त्यांनी घास खाली ठेवला.

"काय बी झालं न्हवतं," ते म्हणाले. "चोवीस वर्सात कुनाचा केस वाकडा झाला न्हाई. हुऊ दिला न्हाई. का, अपघात झाल्याबगर तुमास्नी काम नीट करता येत न्हाई व्हय?"

मग उरलेली भाकरी त्यांनी माझ्याकडे पाठ करून खाल्ली. मला इतकं ओशाळं वाटलं, की दुसऱ्या दिवशी मी वीसच्या वीस नग मोजले.

दिवाळीनंतर त्यांच्या बायकोच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं. ते आठ दिवसांची रजा घेऊन गावी गेले. जाण्याआधी त्यांनी लेथच्या चकचे जबडे झिजलेत, ते बदलल्याखेरीज नळीला हात लावू नये, असं मालकांना लिहून दिलं. जबडे म्हणजे नग घट्ट धरून फिरवणारी पकड. तो कागद मालकांच्या टेबलावर होता. मी स्वतः पाहिला, त्यावर चहाचा कप ठेवलेला होता. पुण्याहून साठ नळ्यांची घाई आली. दुसऱ्या पाळीच्या कातकाम करणाऱ्या गड्याला मालकांनी बसवलं. गडी वाईट नव्हता, सांगितलं ते त्याने केलं. पण झिजलेल्या पकडीत नळी फिरताना किंचित डुलत होती. आटे भोकाच्या मध्याला धरून पडले नाहीत, जरा बाजूला सरकून आणि किंचित जाड पडले. डोळ्याला काही दिसत नव्हतं. तशी नळी रायफलीत बसते, पण सरळ टेकत नाही, आणि गोळी सुटतानाचा सगळा धक्का एकाच बाजूवर येतो. शंभरदा काही होणार नाही. एकशे एकाव्यांदा जे होईल ते, जिथे नेमबाजाने गाल टेकवलेला असतो, तिथून वीतभर अंतरावर होईल.

फिरणारा नग किती डुलतो ते काट्याने दाखवणारा डायल लावल्यावर मला ते पहिल्या नळीतच कळलं. मी मालकांना सांगितलं. मालक ओरडले नाहीत. ओरडले असते तर कदाचित मी अडून बसले असते. ते माझ्या काचेच्या खोलीत येऊन बसले आणि प्रेमाने बोलले. पुण्यालाही तपासतातच, तिथं अडलं तर आपण परत घेऊ. खेळाच्या तर रायफली आहेत. तुमच्यावर मी कधी अविश्वास दाखवला का. घरात म्हातारी माणसं आहेत ना तुमच्या. असं अर्धा तास. मग मी गेज मुठीत धरलं. कडी अडली तिथे जरा जोर दिला, ती गेली. डायलचा रकाना मी खुर्चीत बसून भरला. साठ नळ्यांवर माझ्या नावाचा छोटा शिक्का ठोकला आणि संध्याकाळी मुलीच्या शाळेच्या गॅदरिंगला वेळेवर पोचले.

हवालदार दोन दिवस आधीच परत आले. नळ्या लाकडी पेट्यांत भरून अंगणात ठेवल्या होत्या, दुपारी गाडी यायची होती. त्यांनी पाहिलं की जबडे तेच आहेत. सरळ जाऊन एक पेटी उघडली, नळी काढली, जबड्यांत न धरता स्वतःच्या लेथच्या दोन टोकदार आधारांमध्ये टेकवून डायल लावला आणि नळी हाताने एक फेरा फिरवली. मग नळी घेऊन माझ्याकडे आले.

"सही तुमची?"

मी हो म्हणाले.

"गेज गेलं का घातलं?"

मी टेबलावरचं गेज उचलून कपाटात ठेवलं. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. मालकांकडे चला, म्हणाले.

मालकांच्या खोलीत ते उभेच राहिले. मालकांनी तेच सगळं पुन्हा सांगितलं, पुण्याची तपासणी, खेळाच्या रायफली. हवालदारांनी ऐकून घेतलं. मग नळी टेबलावर, त्या चहाच्या कपाच्या शेजारी ठेवली.

"ह्यातली एक बसवून आनतो," ते म्हणाले. "पयली गोळी तुमी झाडा. गाल हितं टेकवायचा."

मालक हसले. हसता हसता त्यांनी माझ्याकडे पाहिलं, म्हणजे मीही हसावं म्हणून. आणि मी हसले. आयुष्यात अनेकदा माझं वागणं चुकलं असेल, पण त्या हसण्याइतकी किळस मला माझ्या दुसऱ्या कशाचीच येत नाही.

हवालदारांनी तो विषय तिथेच सोडला. बाहेर येऊन त्यांनी मला विचारलं, लाल डबा कुठं आहे. नापास झालेल्या नगावर आम्ही लाल रंगाचा पट्टा मारतो, तो डबा. मी कपाट दाखवलं. जेवणाच्या सुट्टीत सगळे बाहेर असताना, भर उन्हात, अंगणात त्यांनी बारदान अंथरलं, साठच्या साठ नळ्या पेट्यांतून काढून ओळीने मांडल्या आणि उकिडवं बसून एकेका नळीच्या आट्यांवर लाल रंग द्यायला लागले. घाई नाही, राग नाही. ब्रश बुडवायचा, डब्याच्या काठाला निपटायचा, फिरवायचा, पुढची नळी. मालक दारात आले आणि तिथेच थांबले. पंचवीस माणसं डबे हातात घेऊन बघत होती. कुणी अडवलं नाही आणि कुणी त्यांच्या शेजारी जाऊनही बसलं नाही. काम संपल्यावर त्यांनी डब्याचं झाकण ठोकून बसवलं, ब्रश थिनरमध्ये धुतला, पुसला आणि माझ्या हातात दिला.

"ह्ये तुमचं काम हुतं," ते म्हणाले.

स्वतःचा डबा स्कूटरला अडकवून ते निघून गेले. त्यांना कामावरून काढल्याचं पत्र मागाहून गेलं, पण त्याला काही अर्थ नव्हता.

दुसऱ्या दिवशी आठ जण थिनर आणि दात घासायचे ब्रश घेऊन नळ्या धुवायला बसलो. आठांत मी होते. काल ज्यांनी "हवालदारानं दाखवलं गड्या" म्हणून मांडीवर थाप मारली होती, ते गडीही होते. आम्ही एकमेकांकडे न बघता धुतलं, क्रिकेटबद्दल बोललो. नळ्या दोन दिवस उशिरा गेल्या.

पण आट्यांच्या अगदी तळाशी रंग राहतो. पुण्याच्या तपासनिसाला भिंगातून एका नळीच्या आट्यात लाल रेष दिसली, आणि लाल रंग म्हणजे काय हे त्या धंद्यात सगळ्यांना कळतं. त्यांचा एक अधिकारी आमच्याकडे चौकशीला आला. तरुण, शांत, वही घेऊन आलेला. मालकांनी तोपर्यंत वकिलाकडून माझा जबाब लिहून आणला होता. नळ्या माझ्या तपासणीत निर्दोष आढळल्या होत्या आणि सदर कामगाराने वैयक्तिक आकसापोटी त्यांना रंग लावला, असं त्यात होतं. आकस हा शब्द मी तोवर कधी लिहिला नव्हता. मी खाली सही केली. अधिकाऱ्याने तो कागद वहीत ठेवला आणि म्हणाला, की मग प्रश्न मिटला. नळ्या नीट साफ करून घेऊ, आमच्याकडे दहातली एक भिंगातून तपासतात, मापं तुमच्या अहवालावरचीच धरतात, तेवढं झालं की पुढे पाठवू. मालकांनी त्याला हळदीचं एक पाकीट भेट दिलं.

चार रात्री मला झोप लागली नाही, असं लिहायला बरं वाटलं असतं. खरं म्हणजे मी झोपले, जेवले, कामावर गेले. फक्त रविवारी सकाळी नवऱ्याला सांगितलं, की साताऱ्याला जाऊन येते. हवालदारांना भेटायचं, झालं ते सांगायचं आणि माफी मागायची, असं ठरवून मी निघाले. सातारा, तिथून कोरेगाव, तिथून पुढे वडापची जीप. जीपमध्ये मी माफीची वाक्यं जुळवत होते आणि मला स्वतःबद्दल थोडं बरंही वाटू लागलं होतं.

हवालदार ओसरीवर खुरप्यांना धार लावत बसले होते. गल्लीतल्या बायकांची खुरपी, आठ-दहा तरी, समोर ओळीने ठेवलेली. त्यांची बायको काळा चष्मा लावून जात्याशेजारी बसली होती. ऑपरेशनला अजून महिना झाला नव्हता. मला पाहून हवालदारांनी मान हलवली आणि बायकोला चहा ठेवायला सांगितलं. मी सगळं सांगितलं. गेज, डायलचा रकाना, धुणं, आणि शेवटी तो जबाब. आकसापोटी हा शब्दही सांगितला. धार लावणं थांबलं नव्हतं.

"त्या नळ्या कुठं हायत?" त्यांनी विचारलं.

पुण्यालाच आहेत, मी म्हणाले. साफ करतायत. माझ्या जबाबावर पुढे पाठवतील.

आता धार लावणं थांबलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी शिव्यांची तयारी करून गेले होते. फार तर ते माझ्याकडे पाठ फिरवतील असं धरून चालले होते.

"मग तुमी हितं कशाला आलाय?" ते म्हणाले.

त्यांना खरंच कळत नव्हतं. पत्ता चुकलेल्या माणसाला विचारावं तसं ते विचारत होते. मी म्हणाले, तुमची माफी मागायला.

"माज्याबद्दल काय बी लिवा. मला काय त्याचं. गाल माजा टेकनार हाय का तितं?"

त्यांनी दुसरं खुरपं उचललं. चहा आला, मी तो प्यायले. त्याची चव आजही सांगता येणार नाही. निघताना हवालदार उठले नाहीत. त्यांची बायको माझा हात धरून फाट्यापर्यंत आली. तिला रस्ता नीट दिसत नव्हता, म्हणून खरं तर मीच तिला नेत होते. ती म्हणाली, "त्येंचं मनावर घिऊ नगासा. तीस वर्सं झाली, माजी भाकरी बरी झालीया असं एकदाबी म्हनलं न्हाईत." मी विचारलं, मग तुम्ही काय करता. "काय करायचं," ती म्हणाली. "जेवून झालं की माजं बी ताट उचलून धुत्यात. मी बोलत न्हाई, त्ये बी बोलत न्हाईत."

सातारच्या स्टँडवर सांगलीची गाडी लागलेलीच होती. मी चढले, खिडकीची जागा मिळाली, पिशवी मांडीवर घेतली. कंडक्टर तिकिटं काढत पुढून मागे यायला लागला. मी कुठलं तिकीट मागायचं याचा विचार करत होते, आणि सांगलीच्या गाडीत बसून असा विचार करायचं काही कारण नाही हे माझ्या लक्षात आलं. मी उतरले. पलीकडच्या फलाटावर पुण्याची गाडी होती. नवऱ्याला फोन केला, की पुण्यात नणंदेकडे मुक्काम करते, उद्या येते. का ते त्याने विचारलं. मी म्हणाले, ऑफिसचं काम राहिलंय.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या कंपनीच्या गेटवर मी दोन तास बसले. तो तरुण अधिकारी आला, मला आत घेऊन गेला, आणि मी सांगितलं ते सगळं त्याने वहीत उतरवून घेतलं. पहिला जबाब खोटा आहे, मी डायल लावला होता, साठही नळ्या नापास आहेत. लिहून झाल्यावर त्याने माझ्याकडे पाहिलं. आमच्या मालकांनी मला कधी अपमानाने वागवलं नव्हतं, हवालदारांची तुच्छतेची नजर सगळ्यांना सारखी वाटून दिलेली होती. पण या पोराच्या नजरेत जे होतं ते खास माझ्यासाठी होतं. मी ते घेतलं. ते माझंच होतं.

त्यानंतर व्हायचं ते झालं. काम गेलं, मालक पुन्हा हळदीच्या ड्रमकडे वळले. मला त्यांनी फोनवरच काढलं, प्रेमाने. ज्या गड्यांची जादा पाळी बंद झाली ते बाजारात भेटले तर आजही तोंड फिरवतात. मला त्यांचा राग येत नाही आणि फारसा आदरही वाटत नाही. आम्ही एकाच ब्रशने नळ्या धुतल्यात. मी आता मिरजेकडच्या एका कारखान्यात पंपांचे भाग तपासते. तिथली माणसं मला हेकट म्हणतात.

हवालदार पुढच्या उन्हाळ्यात गेले. झोपेत गेले, असं त्यांच्या बायकोने कळवलं. मला समजलं तेव्हा दहावा होऊन गेला होता. त्यांचं माझं शेवटचं बोलणं त्याआधी तीन-चार महिने, दोन फोनांत झालं होतं. नळ्या नापास ठरल्याचं मी त्यांच्या बायकोला कळवलं होतं; पहिला फोन तिच्या नंबरावरून आला, पलीकडे हवालदार. नमस्कार नाही, कशा आहात नाही.

"कापल्या?" त्यांनी विचारलं.

कापल्या, मी म्हणाले. साठच्या साठ. भंगारात काढल्या.

"तुमी बघितल्या का कुनी सांगितलं?"

अधिकाऱ्याने सांगितलं होतं. मी तसं म्हणाले. पलीकडून फोन ठेवला गेला.

मी नव्या नोकरीत एक दिवसाची रजा टाकून पुण्याला गेले. त्या अधिकाऱ्याला वाटलं माझं डोकं फिरलंय. तरी त्याने एक माणूस बरोबर दिला आणि मला मागच्या बंद खोलीत नेलं. तिथे त्या नळ्या होत्या, प्रत्येकीचे दोन तुकडे केलेले, लिलावाच्या कागदांची वाट बघत पडलेले. मी खाली बसले आणि तुकडे एका बाजूने दुसऱ्या बाजूला ठेवत मोजले. मागच्या टोकांच्या आट्यांत अजून कुठे कुठे लाल होतं. बरोबरच्या माणसाने दोनदा घड्याळ पाहिलं. मोजून झाल्यावर मी हात पुसले आणि तिथूनच फोन लावला.

"बघितल्या," मी म्हणाले. "एकशे वीस तुकडे. हाताने मोजले."

पलीकडे त्यांच्या गोठ्यातल्या म्हशीच्या गळ्यातली घंटा वाजली.

"बरं," हवालदार म्हणाले.